वाइंगापूला जायचंय? कापड विकत घेण्याआधी ते बांधताना बघा

बालीला जाऊन आलेलं कोणी ना कोणी आता प्रत्येक मराठी सोसायटीत असतं. त्याच बालीहून विमानाने पूर्वेला साधारण दीड तास गेलं की सुंबा बेट लागतं. तिकडे मात्र आपलं माणूस सहसा फिरकत नाही. आकाराने गोव्याच्या तिप्पट, पण नारळी-पोफळीचं हिरवंगार बेट डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. पूर्व सुंबा हा इंडोनेशियातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक आहे. गवताळ माळ, त्यावर चरणारी बुटकी घोडी, चुनखडीचे डोंगर, आणि उत्तर किनाऱ्यावर पूर्व सुंबा जिल्ह्याचं ठाणं असलेलं वाइंगापू. बंदराजवळची जुनी वस्ती आणि आतल्या बाजूची माताव्हाई ही बाजारपेठ, एवढाच या शहराचा पसारा. दुचाकीवर अर्ध्या तासात संपतं.

तरीही जगभरचे कापडवेडे इथे येतात ते ‘हिंग्गी’साठी, म्हणजे इथल्या पुरुषांच्या इकत वस्त्रासाठी. इकत हा शब्द मलय-इंडोनेशियन आहे, अर्थ ‘बांधणे’. विणण्याआधीच सूत जागोजागी बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, ही ती कला. आपल्याला पोचमपल्ली आणि पटोला माहीत असतात, त्यामुळे तत्त्व समजायला वेळ लागत नाही. पण एक चांगली हिंग्गी पुरी व्हायला कित्येक महिने लागतात, अस्सल वनस्पतीरंगांत तर वर्ष-दोन वर्षंही. हे ध्यानात घेतलं तर सहलीची आखणी आपोआप बदलते. वाइंगापूत एक रात्र राहून दुकानातून कापड उचलण्यात अर्थ नाही. किमान तीन पूर्ण दिवस ठेवा, आणि निदान पहिल्या दिवशी पाकिटाला हात लावू नका.

कधी जावं

पावसाळा साधारण डिसेंबर ते मार्च. मे ते ऑक्टोबर हा काळ सगळ्यात बरा. मे-जूनमध्ये माळ अजून थोडे हिरवे असतात, ऑगस्टनंतर सगळं करपून सोनेरी होतं. कापडाच्या कामालाही ऋतू आहे. परंपरेने पाऊस सरताना निळीची पानं भरलेली असतात, तेव्हा निळा रंग चढवतात आणि लाल रंगाचं काम पुढच्या कोरड्या महिन्यांत करतात. आता काही घरांत वर्षभर काही ना काही चालू असतं. पण रंगाची मडकी चालू असलेली बघायची असतील, तर मे ते सप्टेंबरमध्ये नशीब उघडण्याची शक्यता जास्त.

भाल्यांनी खेळली जाणारी घोडेस्वारांची ‘पासोला’ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पण ती पश्चिम सुंबात. पासोला आणि विणकाम एकाच सहलीत बसवण्याचा हट्ट केला तर दोन्ही अर्धवट राहतात.

पोचायचं कसं

मुंबई-पुण्याहून आधी बाली. भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांचा ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. ऑनलाइन आधीच काढला तर विमानतळावरची एक रांग वाचते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी.

बालीच्या देनपासारहून वाइंगापूच्या उंबू मेहांग कुंडा विमानतळावर छोटी विमानं जातात. बेटाच्या दुसऱ्या टोकाला तांबोलाका हा आणखी एक विमानतळ आहे. तिकीट काढताना नाव नीट वाचा, कारण चुकून तिथे उतरलात तर अख्खं बेट आडवं पार करायची वेळ येते. या छोट्या विमानांच्या वेळा बदलतात, कधी फेरीच रद्द होते. म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी बालीत एक रात्र मोकळी ठेवा. ही रात्र वाया जाते असं वाटतं, पण जात नाही. बोटीनेही येता येतं. सरकारी प्रवासी जहाजं आणि फेरीबोटी आसपासच्या बेटांहून येतात, पण त्यासाठी हाताशी दिवस आणि अंगी सोशिकपणा दोन्ही पाहिजे.

घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे करा. आणि पैशाचं गणित विमानातच पक्कं करा. ‘रिबू’ म्हणजे हजार, ‘जुता’ म्हणजे दहा लाख. एक जुता म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाच हजार रुपये. इथे सगळेच लखपती असतात, त्यामुळे पहिल्या दिवशी शून्यं मोजताना गडबड होतेच. शहरात एटीएम आहेत. गावांमध्ये मात्र रोख लागते, तीही सुटी.

पहिली संध्याकाळ

काही करू नका. जुन्या बंदराकडे चालत जा. सूर्य कलला की तिथे मासळी भाजणाऱ्यांच्या गाड्या लागतात. मासा बोटाने दाखवायचा, निखाऱ्यावर भाजून सांबाल या तिखट चटणीबरोबर समोर येतो. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाचं इथे छान चालतं.

शाकाहारी असाल तर थोडी तयारी हवी. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, पाण्यातली कांगकुंगची भाजी आणि भात सगळीकडे मिळतो. पण भाजीच्या परतणीतही ‘तेरासी’ म्हणजे सुकटीचा लगदा घातलेला असू शकतो. ‘तान्पा तेरासी’ (तेरासी नको) आणि ‘साया तिदाक माकान दागिंग, तिदाक माकान इकान’ (मी मांस खात नाही, मासे खात नाही) ही दोन वाक्यं पाठ करा. आणखी एक: एखाद्या खानावळीच्या पाटीवर ‘आर डब्ल्यू’ अशी दोन रोमन अक्षरं दिसली तर ते कुत्र्याचं मांस आहे. मांसाहारी मंडळींनाही हे आधी ठाऊक असलेलं बरं.

सुंबात मलेरिया आहे. ‘बालीला काही लागत नाही’ असं सांगणारे भेटतील, पण बाली वेगळी आणि सुंबा वेगळं. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना सुंबाचं नाव सांगून गोळ्यांबद्दल विचारा. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम लागतंच.

पहिला दिवस: प्रायलिऊ

शहराला चिकटूनच प्रायलिऊ आहे. गाव जुनं, मधोमध उंच टोपीसारख्या छपरांची घरं. या घरांना ‘उमा म्बातांगू’ म्हणतात. छपराच्या त्या उंच पोकळीत पूर्वजांच्या पवित्र वस्तू ठेवतात, म्हणून तिकडे बोट दाखवून ‘वर चढून बघू का’ असं विचारू नका. घरांसमोर मोठाल्या दगडी शिळांच्या समाधी आहेत. आज इथले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत, पण पूर्वजांना मानणारा ‘मारापू’ हा मूळ धर्मही जिवंत आहे. कित्येक घरांत दोन्ही एकत्र नांदतात.

आत शिरताना ‘पेर्मिसी’ म्हणा. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहा, शेजारी ठेवलेल्या पेटीत वा ताटात काही रक्कम ठेवा. मग बहुधा सुपारीची पिशवी पुढे येईल. त्यात सुपारी, चुना आणि पानाऐवजी नागवेलीचा लांबट, शेंगेसारखा दिसणारा तुरा असतो. विडा पुढे करणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. खात नसाल तरी हातात घ्या. थेट ‘नको’ म्हणू नका. मी जाताना घरची रोठा सुपारी घेऊन गेलो होतो. यजमान आजीबाईंनी ती एका क्षणात अडकित्त्याने फोडली. त्यानंतर तासभर मला कोणी हलू दिलं नाही.

आता कापड. घाई न करता पुढचा क्रम शोधा. एकाच घरात सगळ्या पायऱ्या दिसतील असं नाही, पण दोन-तीन अंगणं फिरलात तर साखळी जुळते.

आधी सूत. काही बायका अजून टकळीवर कापूस कातात, पण बहुतेक कापडाला बाजारचं सूत वापरतात. त्यात कमीपणा नाही. मात्र हातसुताचं कापड वेगळं, जड, थोडं गाठाळ असतं आणि त्याचा भावही वेगळा.

मग ताणा, म्हणजे उभं सूत, चौकटीवर ताणून बांधणी सुरू होते. नक्षीचा आराखडा अनेकदा पुरुष काढतात. पूर्वी ताडाच्या जातीतल्या गेवांगच्या पानाच्या पट्ट्यांनी गाठी मारत, आता बहुधा प्लास्टिकची दोरी असते. ताणा दुमडून बांधलेला असतो, म्हणूनच हिंग्गीची नक्षी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी उलटी येते. एकदा ही युक्ती कळली की कापड उलगडल्या उलगडल्या नजर आधी मध्यावर जाते.

त्यानंतर नीळ. पानं कुजवायची, चुना घालायचा, सूत बुडवायचं, हवेत धरायचं, पुन्हा बुडवायचं. हे काम बायकांचं, त्याचे घरोघरचे मंत्र आणि निषेध वेगळे. पुरुषांना निळीच्या झोपडीत जायची परंपरेने मनाई आहे. पुरुष पाहुण्याला बाहेरच थांबायला सांगितलं तर राग मानू नये. बरोबर बायको किंवा बहीण असेल तर ती आत जाऊन बघू शकेल. पण तिनेही आधी विचारावं, कारण गर्भार वा पाळीतल्या बाईलाही कुठे कुठे मज्जाव असतो.

शेवटी लाल. याला ‘कोम्बू’ म्हणतात. हा रंग येतो बारतोंडीच्या मुळांच्या सालीतून. आपल्याकडचे रंगारी हिलाच ‘आल’ म्हणत आणि खारव्यासारखं जाडंभरडं कापड या आलीने रंगत असे. सूत आधी जंगली अक्रोडाच्या तेलात मुरवतात. रंग धरावा म्हणून तुरटीच्या जागी ‘लोबा’ वापरतात. ही लोध्राच्या जातीची झाडं. त्यांच्या पाना-सालीत अॅल्युमिनियम इतकं साठतं की तुरटीची गरजच पडत नाही. आपल्या आयुर्वेदातलं लोध्र आणि आलीचं मूळ इतक्या दूर एकाच मडक्यात भेटतात, हे बघून मला प्रायलिऊ परकं वाटेनासं झालं. निळ्यावर लाल चढलं की तपकिरी-काळा होतो. पिवळा ठिपका असेल तर तो विणून झाल्यावर हाताने भरलेला असतो.

विणकाम कमरेच्या मागावर होतं. बाई जमिनीवर बसते, मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं तिच्या पाठीच्या पट्ट्याला. ताण तिच्या अंगाचा असतो. म्हणून कापडाची रुंदी माणसाच्या हातांच्या पल्ल्याएवढीच. हिंग्गी दोन पट्टे मधोमध शिवून बनते. टोकांना ‘काबाकिल’ ही आडवी विणलेली अरुंद पट्टी आणि खाली पीळ दिलेल्या दशा असतात.

दुसरा दिवस: जवळची गावं आणि नक्षी वाचणं

लाम्बानापू, मौलिरू आणि कावांगू ही विणकरांची गावं शहराच्या आसपासच आहेत. भाड्याच्या दुचाकीवर जाणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. नाहीतर ‘ओजेक’ म्हणजे दुचाकीची सवारी करा. रविवारी सकाळी जाऊ नका, माणसं चर्चमध्ये असतात.

आज नक्षीवर लक्ष द्या. निळ्या-पांढऱ्या हिंग्गीला ‘कावुरू’, लाल असलेलीला ‘कोम्बू’. पुरुषाचा पोशाख हिंग्गीच्या जोडीचा, एक कमरेला आणि एक खांद्यावर. बायकांचं नळीसारखं शिवलेलं वस्त्र म्हणजे ‘लाऊ’. मगर आणि कासव ही राजघराण्याची चिन्हं. कोळंबी कात टाकते म्हणून पुनर्जन्माची. घोडा सगळीकडे, कारण सुंबाची घोडीच प्रसिद्ध. त्यांना ‘सँडलवूड’ म्हणतात, कारण एके काळी बेटाची ओळख चंदनाची होती. इंडोनेशियात चंदनाला ‘चेंदाना’ म्हणतात, शब्द आपलाच. ‘आंदुंग’ हे झाड दिसलं की नीट बघा: फांद्यांना लटकलेली फळं नाहीत, लढाईत मारलेल्या शत्रूंची मुंडकी आहेत. झेप घेणारा सिंह डच राजचिन्हावरून आला, ड्रॅगन चिनी भांड्यांवरून.

आणि या सगळ्यात एक पट्टा जाळीदार फुलांचा. त्याचं नाव ‘पाटोला रातू’. डच व्यापारी कंपनी गुजरातचे पटोले इथल्या राजांना नजराणे म्हणून द्यायची, त्यांना देवाच्या वस्तूचा मान मिळाला आणि त्यांची नक्षी राजघराण्याची झाली. पाटणमध्ये ताणा आणि बाणा दोन्ही बांधतात, इथे फक्त ताणा. तरी ओळख पटते.

तिसरा दिवस: रेंदे

गाडी आणि चालक ठरवा. दिवसाचे साधारण सहा ते आठ लाख रुपिया होतात, चौघांत वाटले तर जड नाही. सकाळी सातला निघा. वाइंगापूहून मेलोलोमार्गे रेंदेपर्यंतचा साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता समुद्र आणि माळ यांच्यामधून जातो. वाटेत पाऊ गावात ‘पाहिकुंग’ बघायला मिळतं. यात जादा ताणा उचलून नक्षी विणतात. नक्षीचा नमुना काड्या आणि दोऱ्यांच्या जाळ्यात जपून ठेवलेला असतो. जुन्या नक्षीच्या मागावरचा ‘जाला’ पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच उमजेल.

रेंदेच्या प्रायावांग वाडीत प्रचंड शिळांच्या समाधी आहेत, त्यांवर कोरीव खांब. इथे आलं की कापडाचं खरं काम कळतं. सुंबात मोठ्या माणसाचं प्रेत कापडांत गुंडाळतात. एकावर एक, थर चढत जातात. अंत्यविधीची ऐपत येईपर्यंत वर्षानुवर्षं ते घरातच राहतं. लग्नात मुलीकडचे कापड देतात, मुलाकडचे घोडे, म्हशी आणि ‘मामुली’ हे सोन्या-चांदीचे दागिने. म्हणजे पाहुणा जे कापड ‘वॉल हँगिंग’ म्हणून बघतो, ते इथे हिशेबाचं चलन आहे. कुठे अंत्यविधी चालू असेल तर घरच्यांनी बोलावल्याशिवाय आत जाऊ नका. बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका, साखर किंवा कॉफी घेऊन जा. फोटोआधी ‘बोलेह फोतो?’ विचारा.

परतीला सूर्यास्ताच्या सुमारास वालाकिरीच्या किनाऱ्यावर थांबा. ओहोटीला वाकड्या खारफुटीची झाडं नाचल्यासारखी दिसतात. गर्दी असते, पण जागा तशी आहे. वाइरिंदिंगचे माळ दुसऱ्या दिशेला, पश्चिमेच्या रस्त्यावर आहेत. तिकडे वेगळी सकाळ द्या.

आता खरेदी

तीन दिवसांत डोळा तयार झालेला असतो. तरी चार प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढू नका. ‘पेवार्ना आलाम?’ म्हणजे रंग वनस्पतीचा का? ‘किमिया’ म्हणजे रासायनिक. सूत हाताचं की दुकानाचं? कुठल्या गावचं? कोणी विणलं? विणणारी समोर असेल तर चौथ्या प्रश्नावर तिचा चेहराच उत्तर देतो.

मग हाताने तपासा. मधोमध शिवण आहे का? अख्खी रुंदी एकसंध असेल तर ते कमरेच्या मागाचं नव्हे. जावातल्या जेपाराजवळच्या त्रोसो गावात मोठ्या मागांवर सुंबाच्या नक्षीची कापडं विणतात, बालीच्या दुकानांत तीच ‘सुंबा’ म्हणून खपतात. ती वाईट नसतात, फक्त सुंबाची नसतात. उलट बाजू बघा, इकत दोन्हीकडून सारखंच गडद दिसतं. मागची बाजू फिकी असेल तर छापील. नक्षीच्या कडा किंचित फुटलेल्या हव्यात. कोम्बूचा लाल विटकरी-तपकिरीकडे झुकतो, गुलाबी झाक असेल तर शंका घ्या. नवी निळीची हिंग्गी नाकाजवळ धरा, तिला कुजक्या पाल्याचा वास असतो.

भाव: रासायनिक रंगाची छोटी शाल एक-दोन लाख रुपियापासून मिळते. वनस्पतीरंगाची पूर्ण हिंग्गी तीन जुतापासून पुढे, आणि जुनं किंवा फार बारीक काम दहा जुताच्याही वर. घासाघीस चालते, ‘बोलेह कुरांग?’ हसत विचारा. पण वर्षभराच्या कामाला निम्मा भाव मागणं शोभत नाही. दहा-पंधरा टक्के उतरले तर गप्प घ्या. रासायनिक रंगाचं कापड घेण्यातही काही पाप नाही, फक्त वनस्पतीरंगाचा भाव देऊन ते घेऊ नका.

दोन गोष्टी मात्र घेऊच नका. बायकांच्या डोक्यातले कासवाच्या पाठीचे जुने कंगवे: समुद्री कासवाच्या वस्तूंची सीमेपार ने-आण आंतरराष्ट्रीय करारानुसार बंद आहे. आणि समाधीतून किंवा घराच्या ठेव्यातून आलेलं म्हणून कानात सांगून विकलं जाणारं कापड. पन्नास वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला इंडोनेशियाच्या २०१० च्या वारसा कायद्याचे निर्बंध आहेत. शिवाय अशा कथा बहुतेक वेळा चहाच्या पाण्यात जुनं केलेल्या कापडाच्या असतात. नव्या कापडाची साधी पावती मागून घ्या, आपल्या कस्टम्सला दाखवायला बरी पडते.

घरी आणल्यावर

पहिले आठ दिवस सावलीत मोकळं टांगून ठेवा, वास जातो. धुवायचं नाही, यंत्रात तर मुळीच नाही. घड्या घालण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, वर जुन्या धोतराचं मऊ कापड. डांबराच्या गोळ्या थेट सुताला लागू देऊ नका, सुक्या कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. दसऱ्याला पैठणी उन्हं दाखवायला काढता, तेव्हा हिलाही बाहेर काढा. पण हिला ऊन नको, पंख्याखालची सावली पुरे.